चाळिशीच्या उंबरठ्यावर एमबीबीएस

९ मार्च २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'नीट' घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेला एक छोटंसं पत्र पाठवलं. एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला कमाल वयाची अट असू नये असा निर्णय आयोगाच्या २१ ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत झाला होता; तो आता परीक्षेच्या माहितीपत्रकात उतरवावा, एवढाच त्याचा आशय. युक्रेनच्या युद्धातून परतणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बातम्यांचे ते दिवस होते. त्या गदारोळात या पत्राकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पण बारावीनंतर काही गुणांनी मेडिकल हुकलं, मग इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा बँकेची परीक्षा असं वळण घेऊन जे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र महत्त्वाचं होतं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत, ही किमान अट कायम राहिली. वरची अट मात्र गेली.

ही वरची अट जुनी होती, असंही नाही. २०१७ च्या 'नीट'साठी खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० वर्षांची मर्यादा पहिल्यांदा जाहीर झाली आणि लगोलग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वर्षापुरती पंचविशीपुढच्यांना परवानगी मिळाली. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने मर्यादा रीतसर नियमात घातली. मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल लागेपर्यंत मोठ्या वयाच्या उमेदवारांनाही अर्ज भरू द्या, असा अंतरिम आदेश दिला. म्हणजे चार-पाच वर्षं या लोकांचं भवितव्य तारखांवर टांगलेलं होतं. २०२२ च्या पत्राने तो प्रश्न मिटवला.

त्या टांगणीच्या काळातलीच सगळ्यात गाजलेली बातमी ओडिशातली आहे. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले ६४ वर्षांचे एक अधिकारी २०२० साली 'नीट' पात्र झाले आणि बुर्ला इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला दाखल झाले. तरुणपणी त्यांनी मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली होती, ती जमली नव्हती. २०२५ मध्ये तमिळनाडूतून तशीच बातमी आली. ४९ वर्षांच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई आपल्या मुलीबरोबर अभ्यासाला बसल्या, दोघींनी 'नीट' दिली आणि आईला विरुधुनगरच्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. दोन्ही बातम्या व्हॉट्सअॅपवर 'जिद्द असेल तर काय होत नाही' अशा मथळ्यांसह फिरल्या. एक तपशील त्या मथळ्यांत बहुधा गळाला. दोघांनाही प्रवेश दिव्यांगांसाठीच्या राखीव जागांवर मिळाला होता. यात त्यांचं श्रेय कमी होत नाही, उलट वाढतं. पण खुल्या गटातून, सुदृढ शरीराने आणि चालू नोकरीसह अर्ज भरू पाहणाऱ्या माणसाने त्या बातम्यांवरून स्वतःच्या शक्यतेचा हिशेब मांडला, तर तो साफ चुकेल.

हिशेब आकड्यांवरून मांडावा. २०२५ ची 'नीट' २२ लाखांहून अधिक जणांनी दिली. १२ लाखांवर उमेदवार 'पात्र' ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्या वर्षी खुल्या गटाची पात्रतेची रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. १४४ गुण मिळवलेला माणूस 'नीट पास झालो' असं म्हणू शकतो आणि ते खोटं नसतं. फक्त त्या गुणांवर महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयात खुल्या गटातून जागा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. पात्रता आणि प्रवेश यांतलं हे अंतर घरातल्या मंडळींना समजावून सांगणं, हे उशिरा वळणाऱ्याचं पहिलं काम.

परीक्षेचा साचा साधा आणि निर्दय आहे. १८० प्रश्न, १८० मिनिटं. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला वजा १. मराठीसह १३ भाषांत प्रश्नपत्रिका मिळते. सगळा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. वीस वर्षं औषधनिर्मितीच्या कारखान्यात काढलेल्या केमिस्टला तिथे वेगळे गुण नाहीत, की रुग्णवाहिकेवर दहा वर्षं काम केलेल्याला मुलाखत नाही. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न् ओळ घोकणारी अठरा वर्षांची पोरं आणि ऑफिसमधून आठला घरी येऊन, मुलांना झोपवून, साडेनऊला पुस्तक उघडणारा माणूस, या दोघांना एकाच यादीत क्रमांक मिळतो. त्या पोरांतही बरीचशी रिपीटर असतात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात मुरलेली. प्रयत्नांना मर्यादा नाही, हा नियम मोठ्या माणसाच्या सोयीचा तसाच त्यांच्याही सोयीचा.

वयाचा फायदा मिळण्याची एकच जागा पूर्वी होती, तीही गमतीची. दोघांचे गुण सारखे आले की शेवटच्या निकषांत वयाने मोठा असलेला पुढे जायचा. २०२० मध्ये दोन उमेदवारांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले आणि देशात पहिलं कोण, हे जन्मतारखेवरून ठरलं. पुढे या निकषावर टीका होऊन तो बदलत गेला.

भौतिकशास्त्र हा बहुतेक मोठ्यांचा अडसर असतो, असा सर्वसाधारण समज. इंजिनिअरांचं उलटं असतं. त्यांचं गणित-भौतिकशास्त्र हाताशी असतं, पण बारावीला जीवशास्त्रच घेतलेलं नसतं, आणि जीवशास्त्राशिवाय अर्जच भरता येत नाही. इथे आणखी एक बदल कामाला आला. पूर्वी अकरावी-बारावीची दोन वर्षं भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय प्रात्यक्षिकांसह नियमित वर्गात शिकलेलं असणं आवश्यक मानलं जाई. नोव्हेंबर २०२३ मध्ये वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं, की बारावी झाल्यानंतरही मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून देऊन उत्तीर्ण झालेला उमेदवार 'नीट'ला बसू शकेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही त्यामुळे मोकळा झाला. बारावीला तिन्ही विज्ञान विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात, तेवढं जुनं गुणपत्रक पुन्हा एकदा कपाटातून काढून बघावं.

कपाटातून काढायच्या कागदांची यादी तिथेच संपत नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात, उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. बंगळुरूत पंधरा वर्षं नोकरी केलेल्या कोल्हापूरकराला इथलं जुनं शिक्षण उपयोगी पडतं. उलट बारावी बेळगाव किंवा इंदूरला करून नंतर पुण्यात स्थायिक झालेल्या माणसाने नियम नीट वाचावेत. मधल्या वर्षांत काय केलं, याचं शपथपत्र द्यावं लागतं, ज्याला सगळे 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणाचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे आई-वडिलांबरोबर अर्जदाराचं स्वतःचं आणि नवरा-बायकोचंही उत्पन्न धरलं जातं आणि मर्यादा वर्षाला ८ लाखांची आहे. अठरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. नोकरदाराला पहिल्याच फटक्यात पडतो.

समजा, छत्तिसाव्या वर्षी प्रवेश मिळाला. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप धरून माणूस साडेएकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर होतो. महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांना त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. टाळली तर दंड १० लाखांचा. मग पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा एक 'नीट', त्यानंतर तीन वर्षांचं एमडी किंवा एमएस. कुठेही नापास न होता, कुठेही वर्ष न गमावता, तज्ज्ञ म्हणून पाटी लागेपर्यंत सेहेचाळिशी-सत्तेचाळिशी येते. पहिलं वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत आणि सगळा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण करायचा, हा नियम सर्वांना सारखाच. सरकारी नोकरीची भरती करताना वयाची अट असते ती वेगळी, आणि ती 'नीट'बरोबर गेलेली नाही.

नोकरी सांभाळून एमबीबीएस होत नाही. दूरशिक्षण नाही, संध्याकाळचे वर्ग नाहीत. तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. केंद्र सरकारच्या सेवेतल्या सर्वसाधारण कर्मचाऱ्याला साऱ्या नोकरीत मिळून २४ महिने अध्ययन रजा मिळू शकते, तीही कामाशी संबंधित शिक्षणासाठी. साडेपाच वर्षांपुढे ती पुरणार कशी? म्हणजे पगार थांबणार, ऑफिसचा आरोग्य विमा जाणार, घराचा हप्ता मात्र चालू राहणार. सरकारी महाविद्यालयाची फी आटोक्यातली असते. खासगी महाविद्यालयात ती वर्षाला लाखोंत जाते आणि अभिमत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर. अठराव्या वर्षी हे पैसे आई-वडील भरतात. अडतिसाव्या वर्षी ते मुलांच्या शिक्षणाच्या आणि म्हातारपणाच्या तरतुदीतून जातात. खासगी महाविद्यालयासाठी राहता फ्लॅट विकायचा विचार मनात आला, तर तो तिथेच थांबवावा, असं स्पष्ट सांगायला हवं.

परदेशात स्वस्तात होतं, असं सांगणारे एजंट पुण्या-मुंबईत जागोजाग भेटतात. तिथेही 'नीट' पात्रता लागतेच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, परतल्यावर परवाना परीक्षा आणि इथे आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. घरसंसार मागे ठेवून जाणाऱ्याच्या खात्यात आणखी एक वर्ष जमा.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण मुळात पदवीनंतरच सुरू होतं, त्यामुळे पत्रकार, सैनिक, संगीतकार अशा कुठल्याही पदवीधराला तिथे विज्ञानाचे राहिलेले विषय पूर्ण करून, 'एमकॅट' देऊन अर्ज करता येतो. त्यासाठी वर्ष-दोन वर्षांचे खास अभ्यासक्रम आहेत. अर्जात निबंध असतो, शिफारसपत्रं असतात, रुग्णालयात केलेल्या कामाची चौकशी होते, मुलाखत होते. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. भारतात परीक्षा एकच, आणि ती माणसाला ओळखत नाही. एका अर्थी हे न्याय्य आहे: मुलाखत आली की वशिला आला, हे इथल्या पालकांना ठाऊक आहे. पण त्यामुळे मधल्या पंधरा-वीस वर्षांत माणूस जे शिकला, त्याची किंमत प्रवेशाच्या वेळी शून्य धरली जाते.

त्या वर्षांची किंमत असते का? सिसिली सॉन्डर्स यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ऑक्सफर्डमधलं शिक्षण दुसऱ्या महायुद्धात सोडून त्या परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम झेपेना, म्हणून रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. १९४८ मध्ये कर्करोगाने मरणाऱ्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू रुग्णाशी त्यांचं सख्य जुळलं. जाताना तो त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवून गेला. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेसाठी काही करायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागेल, नाहीतर कुणी ऐकणार नाही, असा सल्ला त्यांना एका शल्यचिकित्सकाने दिला. १९५१ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकीचं शिक्षण सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. वेदना असह्य झाल्यावर इंजेक्शन देण्याऐवजी, वेदना परत येण्याआधीच घड्याळाप्रमाणे मॉर्फिन द्यायचं, ही पद्धत त्यांनी नोंदी ठेवून, अभ्यास करून प्रस्थापित केली. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि आजची उपशामक सेवा तिथून जगभर गेली. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं 'शांती अवेदना सदन' हे भारतातलं पहिलं हॉस्पिस याच विचाराचं. परिचारिका म्हणून खाटेशेजारी काढलेली वर्षं नसती, तर हे त्यांना सुचलं असतं का, याची शंकाच आहे.

पॉल ब्रँड यांचीही गोष्ट जवळपास अशीच. तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांत जन्मलेल्या या माणसाने लंडनमध्ये आधी काही वर्षं बांधकामाचं आणि सुतारकामाचं शिक्षण घेतलं, मग वैद्यकीचं. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या बोटांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया करू लागले. बधिर पावलांना जखमा होऊ नयेत म्हणून योग्य रबराच्या चपला तयार करण्याचा खटाटोपही त्यांनी केला. हाताला हत्यारांची सवय होती, ती अशी उपयोगी पडली.

आल्बर्ट श्वाइट्झर यांचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं, पण त्यांच्या गोष्टीतली कष्टाची बाजू सांगितली जात नाही. १९०५ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्यांनी स्ट्रासबुर्गला वैद्यकीला नाव घातलं, तेव्हा त्याच विद्यापीठात ते धर्मशास्त्र शिकवत होते. अध्यापकाला विद्यार्थी होता येत नव्हतं, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. शिकवणं, प्रवचनं, ऑर्गनवादनाचे कार्यक्रम आणि शरीररचनाशास्त्र हे सगळं एकाच वेळी चाललं होतं. त्या वर्षांतला थकवा त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. १९१३ मध्ये ते आजच्या गॅबॉनमधल्या लाम्बारेनेला गेले. ज्या माणसाला लोक असामान्य म्हणतात, त्यालाही त्या थकव्यातून सुटका नव्हती.

महाविद्यालयात शिरल्यावरचं आयुष्य हा आणखी वेगळा विषय. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. डिसेक्शन हॉलमध्ये शेजारी उभी असलेली मुलं स्वतःच्या भाच्यांच्या वयाची. त्यांनी दादा म्हणायचं की काका, हे पहिल्या आठवड्यात ठरतं. पुढे वॉर्डात गेल्यावर सव्वीस वर्षांचा निवासी डॉक्टर 'रिपोर्ट अजून आणले नाहीत?' असं विचारतो आणि पांढऱ्या केसांच्या इंटर्नला धावावं लागतं. कुठल्यातरी कंपनीत पन्नास माणसं हाताखाली असलेल्या व्यवस्थापकाला हे झेपेल का, हा प्रश्न भौतिकशास्त्रातल्या गुणांपेक्षा कमी महत्त्वाचा नाही. ३६ तासांची सलग ड्युटी चाळिशीतल्या कमरेला काय वाटेल, हाही. एका गोष्टीत मात्र बाजू उलटते. रुग्ण आणि नातेवाईक वयाकडे बघून बोलतात. नुकत्याच मिसरूड फुटलेल्या डॉक्टरला जे सांगायला वेळ लागतो, ते पिकल्या केसाच्या माणसाला चटकन सांगितलं जातं.

ही वाट धरण्याआधी, डॉक्टरच व्हायचं आहे की आजारी माणसाच्या उपयोगी पडायचं आहे, याचा निकाल लावलेला बरा. दोन्ही इच्छा खऱ्या असतात, पण त्यांना लागणारी वर्षं सारखी नसतात. वरोऱ्याला वकिली करणाऱ्या बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. एमबीबीएस त्यांनी केलं नाही, त्यासाठी थांबलेही नाहीत, आणि आनंदवन उभं राहिलं. आज मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय व्यवस्थापनाचं आणि सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पुणे विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. समुपदेशन, वैद्यकीय समाजकार्य, उपशामक सेवेतलं स्वयंसेवी काम हे मार्ग दोन-तीन वर्षांत, कधी कधी नोकरीसह, माणसाला वॉर्डात नेतात. आयुर्वेद किंवा होमिओपॅथी ही 'सोपी' वाट समजणाऱ्यांना मात्र तिथेही 'नीट'च आडवी येते.

एवढं सगळं तोलूनही ज्यांना एमबीबीएसच करायचं आहे, त्यांनी एक गोष्ट या आठवड्यातच करावी. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका छापून घ्यावी, रविवारी दुपारी दोन ते पाच दार बंद करून ती सोडवावी, आणि चुकीच्या उत्तरांचे वजा गुण धरून बेरीज करावी. मग सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आपल्या गटाची, गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीतली सरकारी महाविद्यालयाची रेषा बघावी. या दोन आकड्यांतलं अंतर रोजच्या तीन तासांच्या अभ्यासाने दोन वर्षांत भरून निघेल का, याचं उत्तर नवरा-बायकोने मिळून काढावं. राजीनाम्याचं पत्र प्रवेशाची फी भरल्याची पावती हातात आल्यावरच लिहावं.